स्टाइल बदलली तरी एमटेक्स्ट का बदलत नाही? ऑटोकॅडमधल्या मराठी नोट्सची परत परत येणारी अडचण

ऑटोकॅड या आराखडे काढायच्या प्रोग्रॅमबद्दलची एक तक्रार साधारण अशी असते. शीटवरच्या सगळ्या नोट्स एका फॉन्टमध्ये हव्यात म्हणून स्टाइलच्या (मजकुराचा फॉन्ट ठरवणाऱ्या नेमणुकीच्या) डायलॉगमध्ये फॉन्ट बदलला आणि रीजेन केलं, म्हणजे ड्रॉइंग नव्याने काढून घेतलं. काही नोट्स बदलल्या, काही जशाच्या तशा राहिल्या. एका नोटमध्ये तर पहिली ओळ बदलली आणि खालच्या तीन जुन्याच. मग एकेक नोट उघडून हाताने फॉन्ट लावला जातो, प्लॉट निघतो, काम पुढे जातं. महिन्याभराने तीच फाइल दुसऱ्या मशीनवर उघडली की चौकटी, प्रश्नचिन्हं, नाहीतर क्षेत्रफळाच्या तक्त्यावर चढलेला मजकूर.

ही अडचण परत परत येते, कारण हाताने लावलेला फॉन्ट हेच बहुतेक वेळा तिचं मूळ असतं. तोच उपाय म्हणून पुन्हा केला की पुढच्या वेळची अडचण तयार होते. म्हणून आधी आत काय चाललंय ते बघू.

(कमांड, बटणं आणि कोड यांची नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टाइप करताना रोमन अक्षरंच वापरायची.)

एमटेक्स्टच्या पोटात काय असतं

१९९४ साली ऑटोकॅडच्या रिलीज १३ मध्ये एमटेक्स्ट, म्हणजे अनेक ओळींचा मजकूर, आला. त्याआधी प्रत्येक ओळ म्हणजे एक सुटी टेक्स्ट वस्तू होती, आणि तिचा फॉन्ट ठरवायची जागा एकच, स्टाइल. एमटेक्स्टमध्ये अख्खा परिच्छेद एका वस्तूत आला, आणि सोबत एकाच वस्तूत चार फॉन्ट, दोन उंच्या, तीन रंग ठेवायची सोयही आली. ही सोय मजकुराच्या आतच कोड लिहून साधलेली आहे. \पी म्हणजे नवा परिच्छेद. \एफ आणि पुढे फॉन्टचं नाव म्हणजे इथून पुढे हा फॉन्ट. \एच उंचीसाठी, \सी रंगासाठी, \डब्ल्यू अक्षराच्या रुंदीसाठी, \एस अपूर्णांकासाठी. महिरपी कंसात जेवढा मजकूर, तेवढ्यापुरताच त्या कोडचा अंमल.

स्टाइल हा फक्त पायाचा फॉन्ट. ज्या अक्षरांवर \एफ बसलेला आहे, ती अक्षरं स्टाइलला विचारतच नाहीत. बरं, एडिटरमध्ये हे कोड दिसत नाहीत, त्यांचा परिणाम तेवढा दिसतो. म्हणून वर्षानुवर्षं काम करणाऱ्यांनाही ते तिथे आहेत याची कल्पना नसते.

ते बघायचे असतील तर नोट निवडा, प्रॉपर्टीज पॅलेट उघडा आणि कंटेंट्स या ओळीत बघा. तिथे कच्चा मजकूर कोडसकट दिसतो. लिस्ट कमांडनेही दिसतो. नोटमध्ये दहा शब्द आणि कंटेंट्समध्ये तीन-चार ओळी भरतील एवढे कोड, असं दिसलं की समजा, हा मजकूर कुठून तरी पेस्ट होऊन आलाय.

आधी निदान, मग हात लावा

मजकूर बिघडलेला दिसला की सगळ्यात आधी एक साधी चाचणी करा. एडिटर उघडा, बिघडलेली ओळ कॉपी करा, नोटपॅडमध्ये टाका. यावरून पुढचा रस्ता ठरतो.

नोटपॅडमध्ये मराठी नीट दिसली, तर मजकूर शाबूत आहे आणि फक्त फॉन्टची अडचण आहे. नोटपॅडमध्येही प्रश्नचिन्हंच आली, तर मूळ अक्षरं गेलेली आहेत. मग कितीही फॉन्ट बदला, काही होणार नाही. जुनी प्रत किंवा बॅकअप शोधा, नसेल तर पुन्हा टाइप करा. आणि नोटपॅडमध्ये निरर्थक रोमन अक्षरं आणि चिन्हं आली, तर मजकूर युनिकोडमध्ये (प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या पद्धतीत) नाहीच, तो जुन्या धाटणीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेला आहे. या प्रकाराकडे पुढे सविस्तर येतो.

कधी मजकुरात यू, अधिक चिन्ह आणि ०९१५ असे चार आकडे दिसतात. घाबरू नका. २००७ च्या आवृत्तीपासून डीडब्ल्यूजी, म्हणजे ऑटोकॅडची ड्रॉइंग फाइल, मजकूर युनिकोडमध्ये ठेवते. त्याआधीच्या फॉरमॅटमध्ये सेव्ह केली की कोडपेजमध्ये (जुन्या, मर्यादित अक्षरसंचात) न बसणारं अक्षर अशा रूपात लिहिलं जातं. ०९१५ म्हणजे क. ऑटोकॅड ते परत वाचतं, पण मधल्या एखाद्या दुसऱ्या प्रोग्रॅमला ते वाचता आलं नाही की ते तसंच उघडं पडतं. समोरच्याला खरोखर गरज नसेल तर २००४ च्या फॉरमॅटमध्ये फाइल देऊ नका.

एडिटरमध्ये मराठी, बंद केलं की प्रश्नचिन्हं

यात मजकूर शाबूत असतो. स्टाइलला रोमन्स किंवा सिम्प्लेक्ससारखा एसएचएक्स (ऑटोकॅडचा स्वतःचा, रेघांचा) फॉन्ट लावलेला असतो आणि त्यात देवनागरी अक्षरं नसतातच. एडिटर मात्र एसएचएक्सच्या जागी तात्पुरता ट्रूटाइप (विंडोजचा नेहमीचा) फॉन्ट वापरून मजकूर दाखवतो, म्हणून टाइप करताना सगळं ठीक वाटतं. ओके केलं की खरा फॉन्ट लागू होतो आणि प्रश्नचिन्हं उमटतात.

इथे लोक एडिटरमध्ये मजकूर निवडून वर फॉन्टच्या खिडकीतून मंगल हा देवनागरी फॉन्ट लावतात. दिसायला लागतं. पण तोच तो \एफ. उद्या ऑफिसने फॉन्ट बदलायचं ठरवलं की ही नोट मागे राहणार. त्याऐवजी मराठीसाठी वेगळी स्टाइल करा, तिला देवनागरी ट्रूटाइप फॉन्ट द्या आणि नोटला ती स्टाइल लावा.

माझ्याकडे दिसतं, त्यांच्याकडे दिसत नाही

एसएचएक्स फॉन्ट सापडला नाही तर ऑटोकॅड फाइल उघडताना विचारतं, किंवा फॉन्टऑल्ट या सेटिंगमध्ये नेमलेला फॉन्ट लावतं. मूळ नेमणूक सिम्प्लेक्सची असते. ट्रूटाइप सापडला नाही तर बदली गुपचूप होते. नवा फॉन्ट थोडा रुंद असला की परिच्छेदाच्या ओळी वेगळ्या जागी मोडतात, सात ओळींच्या आठ होतात आणि आठवी खालच्या तक्त्यावर बसते. मजकूर वाचता येत असतो, म्हणून फॉन्ट बदललाय हे कुणाच्या लक्षात येत नाही. सगळे एमटेक्स्टची रुंदी ओढत बसतात.

मराठी ड्रॉइंगच्या बाबतीत याचं एक ठरलेलं कारण आहे. मंगल हा विंडोज २००० च्या काळापासूनचा फॉन्ट, त्यामुळे असंख्य जुन्या टेम्प्लेट्समध्ये तोच बसलेला आहे. विंडोज १० पासून मात्र मंगल, कोकिला, उत्साह, अपराजिता हे फॉन्ट मूळ संचात नाहीत. ऑप्शनल फीचर्समध्ये देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स नावाची वेगळी जोडणी आहे, ती घेतली तरच ते येतात. नवा कॉम्प्युटर आला, ऑटोकॅड टाकलं, टेम्प्लेट उघडलं आणि मंगल नाही. सेटिंग्जमधून ती जोडणी टाकली की बरीचशी ‘बिघडलेली’ ड्रॉइंगं आपोआप सरळ होतात. नव्याने स्टाइल करणार असाल तर विंडोज ८ पासून सोबत येणारा निर्मला यूआय घेणं जास्त सोयीचं.

दुसरं कारण बारीक आहे, पण फार छळतं. विंडोज १० च्या पुढच्या आवृत्त्यांमध्ये फॉन्टवर डबल-क्लिक करून इन्स्टॉल केलं की तो फक्त त्या वापरकर्त्यापुरता बसतो. वर्डमध्ये दिसतो, ऑटोकॅडच्या यादीत दिसत नाही. फॉन्ट काढून टाका, फाइलवर राइट-क्लिक करून ‘इन्स्टॉल फॉर ऑल यूझर्स’ने टाका आणि ऑटोकॅड बंद करून परत सुरू करा.

साफसफाई: आतले कोड काढायचे कसे

एकच नोट असेल तर एडिटर उघडा, सगळा मजकूर निवडा, राइट-क्लिक करा, रिमूव्ह फॉरमॅटिंग. तिथे अक्षरांचं, परिच्छेदाचं आणि सगळं असे तीन पर्याय असतात. नोट्सना क्रमांक आणि समास लावलेले असतील तर फक्त अक्षरांचं काढा, म्हणजे परिच्छेदाची मांडणी टिकते.

दुसरा मार्गही चांगला आहे. एडिटरमध्ये सगळा मजकूर निवडून वरून वेगळी स्टाइल लावली, तर अक्षरांवर बसलेले फॉन्ट, उंची, ठळक आणि तिरका हे बदल पुसले जातात. रंग, अधोरेखा आणि अपूर्णांक राहतात. इथे एक फरक नीट ध्यानात घ्या, कारण निम्मा गोंधळ त्यातूनच होतो. स्टाइलच्या डायलॉगमध्ये जाऊन त्या स्टाइलचा फॉन्ट बदलणं आणि एडिटरमध्ये मजकुराला दुसरी स्टाइल लावणं, ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं केल्याने आतल्या कोडना धक्का लागत नाही.

शंभर-दोनशे नोट्स असतील तर हाताने करत बसू नका. स्ट्रिपएमटेक्स्ट नावाचं एक मोफत लिस्प (ऑटोकॅडच्या आत चालणारा छोटा प्रोग्रॅम) बरीच वर्षं वापरात आहे. काय काढायचं आणि काय ठेवायचं ते त्यात निवडता येतं. आधी फाइलची प्रत काढा आणि अपूर्णांक, टॅब, क्रमांक हे पर्याय बघूनच चालवा. स्वतः लिस्प लिहिणाऱ्यांसाठी एक गोष्ट: लांबलचक एमटेक्स्टचा मजकूर २५० अक्षरांच्या तुकड्यांत गट ३ (वस्तूच्या आतल्या नोंदीचा क्रमांक) मध्ये असतो आणि उरलेली शेपटी गट १ मध्ये. नुसता गट १ वाचणारं लिस्प छोट्या नोट्सवर अचूक चालतं आणि मोठ्या नोटचं फक्त शेपूट बदलतं. ‘लिस्प कधी चालतं, कधी नाही’ या तक्रारीमागे बरेचदा हेच असतं.

एक्सप्लोड मात्र करू नका. एक्सप्लोडने प्रश्न सुटल्यासारखा वाटतो, पण एमटेक्स्ट फुटून सुट्या ओळींचा आणि तुकड्यांचा ढीग होतो. वर प्रत्येक वेगळ्या फॉन्टसाठी एक नवी स्टाइल आपोआप तयार होते. स्टाइलच्या यादीत एमटीएक्सपीएल या अक्षरांनी सुरू होणारी नावं दिसली तर समजा, आधी कुणीतरी एमटेक्स्ट फोडलेला आहे. टीएक्सटीटूएमटीएक्सटी कमांडने ते तुकडे परत एकत्र करता येतात, पण ओळींचा क्रम तपासावा लागतो.

जुन्या फॉन्टमधली मराठी

पुण्या-नाशकातल्या कुठल्याही जुन्या ड्राफ्टिंग ऑफिसच्या सर्व्हरवर बघा: श्रीलिपी, सी-डॅकच्या डीव्हीबी मालिकेतले सुरेख आणि योगेश, कृतिदेव, शिवाजी. या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या मजकुरात मराठी अक्षरं साठवलेलीच नसतात. साठवलेली असतात रोमन अक्षरं आणि चिन्हं, आणि फॉन्ट त्यांच्या जागी मराठी आकार काढतो. मालकाचं प्रतिज्ञापत्र आणि क्षेत्रफळ विवरण वर्षानुवर्षं एका शीटवरून दुसऱ्या शीटवर कॉपी होत आलेलं असतं. अशा नोटवर रिमूव्ह फॉरमॅटिंग चालवलं की तिला मराठी दाखवणारा एकमेव कोड निघून जातो आणि अगम्य अक्षरं उघडी पडतात. म्हणून नोटपॅडची चाचणी आधी.

एमटेक्स्टमध्ये हे फॉन्ट आणखी एका कारणाने धोक्याचे आहेत. महिरपी कंस, उलटी तिरकी रेघ, टक्क्याचं चिन्ह ही एमटेक्स्टची स्वतःची खुणेची चिन्हं, आणि जुने फॉन्ट त्यातलीच काही अक्षरांसाठी वापरतात. कृतिदेवमध्ये ‘क्षेत्र’ची सुरुवातच डाव्या महिरपी कंसाने होते. एडिटरमध्ये टाइप केलं तर ऑटोकॅड तो कंस सांभाळून ठेवतं. तोच मजकूर लिस्पमधून किंवा थेट कंटेंट्सच्या ओळीत भरला तर कंस कोड म्हणून गिळला जातो आणि ‘क्षेत्रफळ’चं पहिलं अक्षर गायब होतं. फॉन्ट बरोबर, स्टाइल बरोबर, तरी नेमकं क्ष कुठेच उमटत नाही, अशी तक्रार आली तर इथे बघा.

खरा उपाय एकच, मजकूर युनिकोडमध्ये आणणं. त्या-त्या फॉन्टसाठी बनवलेला कन्व्हर्टर वापरा. एकाच घराण्यातल्या दोन फॉन्टची मांडणीही सारखी असेलच असं नाही. रूपांतरानंतर रफार, ऱ्या, श्र, क्ष आणि आकडे हे डोळ्यांनी तपासाच. आकडे विशेष, कारण ड्रॉइंगवर चुकलेलं अक्षर कळतं, चुकलेला आकडा कळत नाही.

युनिकोड फॉन्ट नेमण्यापूर्वी त्याचीही परीक्षा घ्या. ‘क्षेत्रफळ, दर्शनी बाजू, सामासिक अंतर, चटई क्षेत्र निर्देशांक, किमान रुंदी, दुसऱ्या मजल्याचा आराखडा’ असा एक परिच्छेद टाकून प्लॉट काढा. तुमच्या आवृत्तीत वेलांटी सरकत असेल किंवा जोडाक्षर फुटत असेल तर फॉन्ट बदला. ‘दिसायला बरोबर’ यावं म्हणून वेलांटी आणि अक्षर मागेपुढे टाइप करायचं नाही. तो मजकूर दुसऱ्या मशीनवर चुकीचा दिसेल आणि फाइंडला कधीच सापडणार नाही.

सातबारा आणि गट नंबर

ही चूक मला सगळ्यात गंभीर वाटते, कारण ती नजरेतून सुटते. एमटेक्स्टमध्ये इंग्रजी आकड्यांत ७/१२ टाइप करून स्पेस दिली की ऑटोस्टॅक चालू असल्यास त्याचा अपूर्णांक होतो, सात वर आणि बारा खाली. गट नंबर ४५/२ चंही तेच. पाव-अर्धा इंच लिहिण्यासाठी केलेली सोय जमिनीच्या पोटहिश्श्याला लागू होते. बारीक अक्षरात प्लॉट काढल्यावर ४५/२ आहे की आणखी काही, हे वाचणाऱ्याला कळत नाही, आणि परवानगीच्या नकाशावर गट नंबर संदिग्ध असणं परवडणारं नाही.

झालेला अपूर्णांक निवडून स्टॅकचं बटण दाबलं की सुटतो. कायमचं बंद करायला, अपूर्णांकाशेजारी विजेचं छोटं चिन्ह येतं, त्यातून ऑटोस्टॅकच्या प्रॉपर्टीजमध्ये जा आणि खूण काढा. हे प्रत्येक मशीनवर करावं लागतं, नव्या माणसाच्या मशीनवर आठवणीने. जुन्या नोट्समध्ये असे अपूर्णांक शोधायचे तर कंटेंट्समध्ये \एस बघा. आणि वर सांगितलंच आहे, नवी स्टाइल लावून अपूर्णांक जात नाहीत.

किरकोळ, पण वारंवार विचारलं जाणारं

नोट अचानक दोन स्तंभांत विभागली गेली: कॉलम्स डायनॅमिक आहे. प्रॉपर्टीजमध्ये कॉलम्स काढून टाका. पुढे नकोच असतील तर एमटेक्स्टकॉलम हे सेटिंग ० करा.

नोट एकाच ओळीत शीटबाहेर पळते: रुंदी शून्य आहे. रुंदी द्या. प्रत्येक ओळीच्या शेवटी एंटर मारून ओळी पाडू नका. फॉन्ट किंवा उंची बदलली की ते एंटर नको तिथे येतात आणि प्रत्येक एंटर हाताने काढावा लागतो.

एखादीच ओळ शेजारच्या ओळीपासून लांब पडते: ओळींचं अंतर ‘अॅट लीस्ट’वर आहे आणि त्या ओळीत एखादं मोठं अक्षर किंवा अपूर्णांक आहे. ‘एक्झॅक्टली’ करा. एकेरी अंतर म्हणजे अक्षराच्या उंचीच्या १.६६ पट. २.५ मिमी अक्षराला सुमारे ४.१५ मिमी. मराठीत वर रफार-अनुस्वार आणि खाली उकार यांची टक्कर होत असेल तर हा गुणक थोडा वाढवा, अक्षराची उंची कमी करू नका.

फाइल बाहेर पाठवताना

टेम्प्लेटमध्ये दोनच स्टाइल ठेवा, एक रोमन आणि एक मराठी. वर्ड किंवा एक्सेलमधून मजकूर आणताना एडिटरमध्ये राइट-क्लिक, पेस्ट स्पेशल, विदाउट एनी फॉरमॅटिंग. बाहेरचा \एफ मुख्यतः याच दारातून येतो. डायमेन्शन, मल्टिलीडर आणि टेबल यांच्या स्टाइलमध्येही मराठीची स्टाइल नेमून ठेवा, नाहीतर तिथे लोक परत हाताने फॉन्ट लावतात. स्टँडर्ड्स फाइल लावून चेकस्टँडर्ड्स चालवत असाल तर चांगलंच, पण ती कमांड स्टाइलची व्याख्या तपासते, एमटेक्स्टच्या आतले कोड नाही. तेवढ्यासाठी दर शीटवरच्या दोन-चार नोट्सचे कंटेंट्स उघडून बघावेच लागतात.

फाइल द्यायची असेल तर ईट्रान्समिटमध्ये (फाइल आणि तिला लागणाऱ्या बाकी फाइल्स एकत्र बांधणाऱ्या कमांडमध्ये) फॉन्ट सामील करा, अर्थात फॉन्टचा परवाना ते करू देत असेल तर. पीडीएफ द्यायची असेल तर प्लॉटरच्या कस्टम प्रॉपर्टीजमध्ये वापरलेले फॉन्ट सोबत घेण्याचा पर्याय चालू आहे ना ते बघा. तरीही समोरच्याकडे मजकूर बिघडत असेल तर तिथेच सगळा मजकूर भूमितीत बदलण्याचा पर्याय आहे. त्या पीडीएफमध्ये शब्द शोधता येत नाहीत आणि फाइल जड होते, पण आकार हलत नाही. पाठवण्यापूर्वी ती पीडीएफ ज्या मशीनवर ऑटोकॅड आणि मराठी फॉन्ट नाहीत अशा मशीनवर किंवा फोनवर उघडा, आणि गट नंबर व क्षेत्रफळाचा तक्ता मोठा करून वाचा.